सगळ्या घरांचा एक डबा

साक्षीला शारजाच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली आणि तिची आई वच्छला हवेतच तरंगायला लागली. किराणा दुकानात गेली तर दुकानदाराला सांग, विहारात वंदनेला गेली तर चपला घालता घालता सांग, की पोरगी समुद्राचं खारं पाणी गोड करायचं शिकायला चालली. कोणी विचारो न विचारो. अख्ख्या धानोऱ्याला पाठ झालं होतं.

राजुऱ्याचा एक ओळखीतला पोरगा, आदेश, त्याच विद्यापीठात आधीपासून शिकत होता. तो रोज फोनवर धडे देई. डिग्रीवर कोणकोणते शिक्के हवेत, गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्याव्यात, कपडे खांदे-गुडघे झाकणारे, रमजानात दिवसा चारचौघांत खायचं नाही, अनोळखी बायांचे फोटो काढायचे नाहीत. जायचं साक्षीला, पण पाठांतर चालू वच्छलाचं. भाजीवालीलाही तिने अरबीत ‘शुक्रान’, म्हणजे धन्यवाद, म्हणून पाहिलं. तिला वाटलं, ही नवीन कोणती भाजीच मागते.

“अन् काकू, शारजात दारूबंदी हाय,” आदेश एकदा म्हणाला.

“थे तं आपल्या गडचिरोलीतबी हाय.”

“इथी खरंच हाय, काकू.”

वच्छला पोट धरून हसली.

त्यांच्या मोहल्ल्यात एक रीत होती. कोणी दूर शिकायला निघालं की घराघरातून मूठभर मसाला यायचा आणि एकाच डब्यात पडायचा. कोणाचा कोणता, हे विचारायचं नाही. जेवताना एका घराची नाही, सगळ्यांची आठवण यावी म्हणून. डबा भरला तेव्हा वच्छलाने तो मोठ्या तोऱ्यात आदेशला फोनवर दाखवला.

“काकू, यात खसखस तं नाई ना?”

“काऊन?”

“इथी खसखशीले बंदी हाय. नशेच्या मालात धरतेत. विमानतळावर सापडली तं शिक्षण राह्यलं बाजूले, पोरीले ठाण्यात नेतीन.”

वच्छलाने लगेच डबा उघडला. तिने चमचाभर मसाला ताटलीत पसरला. बारीक पांढरे दाणे स्पष्ट दिसत होते. मग मात्र तिचं डोकं फिरलं. कोणाचा कोणता विचारायचं नाही म्हणे. गेली ती रीत चुलीत. तिने बायांना अंगणात बोलावलं आणि सरळ विचारलं, तिकडे बंदी असलेली खसखस यात टाकली कोणी? पोरीला ठाण्यात पाठवायचं होतं की काय कोणाला?

मागून शेजारची सोमारी पुढे आली. वच्छला अंगणवाडीच्या कामावर जायची तेव्हा साक्षीला हिनेच सांभाळलं होतं.

“मीच टाकली, बाई.”

“तुह्या मसाल्यात तं खसखस कधीच नसते.”

“नाई. माह्या मसाल्यात चारोळी असते, मी जंगलातून वेचून आणलेली. पण पोरगी विदेशात चालली. तिथी जंगलातलं काय देऊ? म्हणून दुकानातून भारीची खसखस आणली.” सोमारीची मान वर होईना.

वच्छलाचा राग कुठल्या कुठे गेला. आपण काय बोलून बसलो, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साक्षीने तेवढ्यात डबा उचलला. “हा फेकायचा नाई, मावशी. निघायले अजून हप्ता हाय. आज सगळ्यायनं मिळून कोंबडी करू. बॅगेत चालत नाई, पण पोटात तं चालते.”

आणि मग जे काही जेवण झालं त्या अंगणात! रश्श्याला असा दाटपणा आला होता की बाया बोटं चाटत होत्या आणि सोमारीलाच आणखी वाढ म्हणत होत्या. नाही नाही म्हणता तीही शेवटी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी नवा डबा मांडला. पहिली मूठ कोणाची, यावर चर्चासुद्धा झाली नाही. सोमारीने चारोळीचा मसाला आणला होता. टाकण्याआधी तिने वच्छलाकडून आदेशला फोन लावून घेतला आणि वाटीच कॅमेऱ्यापुढे धरली.

“हे चालन काय, बाबू?”

आदेशने वाटी आणखी जवळ धरायला सांगितली. रोज धडाधड नियम सांगणारा पोरगा आज मागायलाच लागला.

“चारोळी चालते, मावशी. साक्षी, एक मूठ माह्यासाठी वेगळी बांधून आणजो.”

“वेगळी नाई,” सोमारी म्हणाली आणि वाटी डब्यात उपडी केली. “डबा एकच राह्यते. यातलंच खाजो, तूबी आमचाच हायस.”