वस्तीचं शेण

चंद्रभागाबाईनं शेणाची पाटी छबुबाईच्या दारात आदळली. "घे. तुझ्या गॅसला घाल."

उमापूरच्या शिवारातल्या त्या वस्तीला गोबरगॅसचं याड छबुबाईनंच लावलं होतं. तालुक्याला बायांच्या शिबिरात निळा जाळ बघून आली आणि दारोदार सांगत सुटली, की धुरानं डोळे घालवायचे दिवस सरले. देशात तेव्हा म्हणे सगळं खुलं होत होतं. वस्तीत चुलीचं तोंड तेवढं खुलं होतं. टाकीला शेणाइतकंच पाणी लागतं, आणि बारमाही पाणी एकट्या अमरसिंहदादांच्या विहिरीला. म्हणून टाकी दादांच्या अंगणात बांधली. तिथून घरोघर पाइप टाकायचा शब्द दादांनी मारुतीच्या पारावर दिला. त्या शब्दावर बायांनी उन्हाळाभर एक गवरी थापली नाही. सगळं शेण टाकीत.

पाइप आले, आणि दादांच्या मोसंबीला गेले. गॅस मात्र वाया गेला नाही. दादांच्या शेगडीवर दिवसभर फुरफुरत राहिला.

सकाळीच छबुबाई जाब विचारायला गेली होती. दादांनी तिला खुर्ची दिली, त्याच गॅसवरचा चहा पाजला.

"झाडं वाळत व्हती, छबुबाई. झाडाला तोंड हाय का बोलाया? तुमी बाया समजदार."

"मिरग तोंडावर आलाय, दादा. वस्तीत गवरी न्हाई. चुलीत काय हातपाय घालावं?"

"पुढल्या साली बघू. आन् शेण बंद करू नका बरं, टाकी बसल."

छबुबाई वस्तीवर पोचायच्या आधी तिनं चहा घेतल्याची बातमी पोचली होती.

"तुला कप भेटला," चंद्रभागाबाई म्हणाली, "आमाला काय? तू त्याला सामील हायस."

दादांचा शब्द फिरला तेव्हा छबुबाईच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. आता आलं. धूर नसताना आलं. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि दादांच्या घराची वाट धरली.

"आजून त्याच्याच मढ्यावर घाल," म्हणत चंद्रभागाबाई मागोमाग.

छबुबाई टाकीपाशी थांबली नाही. दादांच्या माडीची दक्षिणेची भिंत नुकतीच गुलाबी रंगवली होती. तिथं तिनं पहिली गवरी थापली, पाच बोटं उठवून. मग दुसरी.

दादा बनियनवर बाहेर आले. "कावून, छबुबाई? हे काय मांडलं?"

"तुमची भिंत उन्हात हाय, दादा. पावसाच्या आत वाळतेल."

चंद्रभागाबाईनं क्षणभर भिंतीकडं पाहिलं, पदर खोचला आणि पाटीत हात घातला.

दुपारपर्यंत सगळी वस्ती पाट्या घेऊन आली, आणि खिडकीखालच्या जागेवरून दोन बायांचं चांगलंच भांडण जुंपलं.