चेअरमनमधलं मन

गावात महिला दूध संस्था निघाली, इंद्रायणीबाई चेअरमन म्हणून निवडून आल्या, आणि सगळं गाव त्यांच्या नवऱ्याला, दादाभाऊंना, "रामराम चेअरमन!" घालू लागलं. इंद्रायणीबाई झाल्या 'चेअरमनबाई', म्हणजे चेअरमनची बायको! मंडळी, आपल्या गावात असं होत नाही, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात देवळात सभा भरली. खुर्ची एकच. तिच्यावर दादाभाऊ बसले. वरच्या वाडीची ठकूबाई किटली घेऊन उभी राहिली.

"दूध डोक्यावरून खाली आणस्तोवर नासतंय. आजबी नासलं. टेंपो वर धाडा, न्हाईतर म्हस इकावी लागंल."

"डायव्हर चढाला भितोय. जमायचं न्हाई," दादाभाऊ म्हणाले.

सतरंजीवरून इंद्रायणीबाई हळूच बोलल्या, "ते चेअरमननं ठरवायचं असतं."

"वहिनी, त्यातला मन म्हंजे इंग्रजीत बाप्या!" सेक्रेटरी भिमाजी हसला. "बाईला चेअरवुमन म्हणत्यात."

"लई जड हाय राव. नुसतं चेअर म्हणा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हंजे वहिनींना खुर्ची म्हणायचं व्हय?" दुसऱ्यानं विचारलं.

सगळे खो खो हसले. ठकूबाई किटली उचलून निघाली.

सप्ताहाच्या कीर्तनाला आलेले कुशाबाबुवा खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी चिपळी एकदाच वाजवली.

"थांब माय. इंग्रजी मला येत न्हाई. पण मन हा शब्द आमी जन्मभर गातोय. ते बाईचं नसतं, बाप्याचं नसतं. दादाभाऊ, ही नासकी किटली बघून आज हितं कुणाचं मन हाललं?"

अहाहा! काय तो सवाल! गाभाऱ्यातला देवही कान देऊन बसला असावा.

दादाभाऊ उठले. उपरण्यानं खुर्ची पुसली. बायकोला जन्मात 'अगं' शिवाय हाक न मारणारा तो माणूस हात जोडून म्हणाला, "बसा, चेअरमन."

इंद्रायणीबाई बसल्या. पदर खोचून म्हणाल्या, "ठकूमावशी, म्हस इकू नका. उद्या टेंपो वाडीत यील. डायव्हर भ्यालाच, तर शेजारी मी बसून येते."

सकाळी चढावर हॉर्न वाजला. वाडीतल्या बायका भरल्या किटल्यांपाशी उभ्याच राहिल्या. पुढच्या सीटवर खरंच चेअरमन होत्या!

मंडळी, निवडून दिलेल्या बाईला तिची खुर्ची द्या, आणि तिच्या पदाचं नाव तिलाच शोभू द्या. इंग्रजांनी त्यात पुरुष बसवला असेल. आपण मन बसवू!