काचेवरचे अकरा ठिपके

दोन चकत्या, एक सरकपट्टी, मधोमध एक रिव्हेट, काठावर तीनशे साठ रेघा, कुंकवाचं एक बोट आणि पेन्सिलीचे अकरा ठिपके. मित्रांनो, त्या आठवड्यात माझ्या अंगावर एवढं होतं. त्या अकरांपैकी हवा होता फक्त एक ठिपका.

मी एक जुना फ्लाइट कम्प्युटर आहे. नावावर जाऊ नका. मला ना पडदा, ना बॅटरी. हाताने चकती फिरवली की वेग, वेळ आणि इंधनाची गणितं सुटतात. माझ्या मागच्या बाजूला काचेसारखी पारदर्शक चकती आहे. वारा कुठून, किती जोराने येतोय ते तिथे ठिपक्याने खुणवायचं; मग विमानाचं नाक किती अंश वळवायचं ते मी सांगतो. आजवर मी कुणालाही चुकीचं सांगितलेलं नाही. लोक मला चुकीचं विचारतात.

माझा पहिला मालक सलिल. प्रत्येक गणितानंतर तो मला रुमालाने पुसायचा. तो वैमानिक झाला आणि त्याने मला निगडीला राहणाऱ्या मामेबहिणीला, इराला, दिलं. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी लागणारे तिचे बाकीचे विषय सुटले होते. नेव्हिगेशन मात्र दोनदा राहिलं, एकदा बासष्ट, एकदा अडुसष्ट. पास व्हायला सत्तर लागतात. तिचे बाबा, सुरेंद्र, चाकणच्या एका कंपनीत सुट्या भागांची तपासणी करतात. तिसऱ्यांदा जमलं नाही तर इराने तिथेच ट्रेनी म्हणून लागायचं, असं घरात ठरलं होतं.

पेपर तोंडावर आला आणि दसरा उजाडला. पूजेच्या पाटावर बाबांचा मापं घ्यायचा व्हर्नियर, आईची कात्री आणि मी. इराच्या आईने, शुभदाताईंनी, नेमकं माझ्या काचेवरच कुंकवाचं बोट टेकवलं. इराने फडकं उचललं.

"अगं, दसऱ्याचं कुंकू लगेच पुसतात का? पेपर होईपर्यंत राहू दे."

"आई, वारा मांडायची जागा आहे ती!"

"मग वारा जरा बाजूला मांड. मला काय माहीत, याचं कपाळ कुठं असतं ते!"

इरा हसली. फडकं लावलं तर कुंकूही जाईल, म्हणून तिने ठिपकेसुद्धा पुसायचं सोडलं. पुसायचा आळस तसा जुनाच. आता त्याला पुण्यकर्माचं निमित्त मिळालं. रोज नवे ठिपके, जुने जागच्या जागी. सराव पेपरात एकसष्ट पडले.

"खटारा झालाय नुसता," ती म्हणाली. मला! गणितातला वारा पश्चिमेचा आणि बाईसाहेब वाचतायत कालचा पूर्वेचा ठिपका. तोंड असतं तर माझा आरडाओरडा पिंपळे गुरवपर्यंत गेला असता.

पेपरला तीन दिवस उरले तेव्हा बाबा शिफ्टवरून येऊन तिच्याशेजारी बसले.

"एक गणित करून दाखव. घाई नको."

तिने केलं. बाबांनी मला उजेडात धरलं.

"यातला आत्ताचा कुठला?"

"हा." तिचं बोट थांबलं. "नाही... हा असेल."

"असेल? इरा, आधीच्या मापाची खूण पुसल्याशिवाय नवी करायची नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात."

"आई पुसू देत नाही!"

आतून आवाज आला, "कुंकू पुसू नको म्हटलं होतं, ठिपके नव्हे! अहो, द्या तो इकडे."

एवढे शिकलेले तिघे घरात, आणि हे कळायला आठवडा लागला! शुभदाताईंनी मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं आणि नवं कुंकू माझ्या खोक्याला लावलं.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून खोटी होत नाही. तिला दोष देण्याआधी आपण तिच्यावर काय काय साठवून ठेवलंय ते बघा. पूजा वर्षातून एकदा पुरते, फडकं मात्र रोज लागतं.

पेपर संपला तेव्हा काचेवर एक ठिपका होता. नेव्हिगेशन : शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर.