सुभेदाराचा कप्पा

कोराडीत राख पडते. पॉवर हाउसची चिमणी कोणाला विचारून धूर सोडत नाही. वाळत घातलेलं लुगडं असो, पापड असो की सुभेदाराची टोपी, राख सगळ्यांवर सारखीच बसते. पण सुभेदार रुपराव फौजेतून रिटायर होऊन घरी आले, तेव्हापासून त्यांच्या घरावर बसायची राखेची हिंमत होईना. सकाळ-संध्याकाळ हातात फडकं. खिडक्या, गेट, कुंड्यांतलं एकेक पान. एकदा तर गेटवर बसलेली मांजरसुद्धा त्यांनी पुसून काढली, असं त्यांची बायको प्रेमिला गल्लीभर सांगत होती. ते साफ खोटं होतं. पण प्रेमिलाचं खोटं ऐकायला लोक हातातली कामं टाकून येत.

प्रेमिला पन्नाशीची, अंगानं आडवी आणि जिभेनं उभी. नवरा बर्फात ड्यूटी करत होता तेव्हा तिनं एकटीनं हे घर बांधलं, सिमेंटमध्ये राख मिसळणाऱ्या ठेकेदाराला रडवलं, पोरीला कॉलेजापर्यंत आणलं. घराची कमांड तिच्याकडं होती. नवरा म्हणजे वर्षातून एकदा येणारा, लाड करून परत धाडायचा पाहुणा. आणि आता हा पाहुणा जायचं नावच घेत नव्हता. आल्या आल्या त्यानं स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लाइनीत उभे केले. मिठाचा डबा साखरेच्या जागी गेला. शेजारच्या मारोतरावांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "वहिनी, हा चहा हाय का समुद्र?"

पोरगी, वैभवी, सकाळी उठल्याबरोबर बापाला कडक सॅल्यूट ठोकायची आणि परत पांघरुणात शिरायची.

एक गोष्ट मात्र प्रेमिलाच्या थट्टेत कधी यायची नाही. पेटी. काळी लोखंडी फौजी पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. रुपरावांनी रिटायर होऊन आल्या दिवशी ती पुढच्या खोलीत दाराशी ठेवली, ती तिथंच. कपडे त्यातूनच काढायचे, धुऊन घडी करून त्यातच ठेवायचे, कुलूप लावायचं. प्रेमिलानं वर टेबलक्लॉथ घातला, फुलदाणी ठेवली. पाहुण्यांना वाटायचं टीपॉय आहे. तिला मात्र वाटायचं, पेटी अजून बांधलेली म्हणजे याचं मन घरात नाही. विचारलं कधी नाही. कलेक्टरला तोंडावर विचारणारी बाई, पण हे विचारायला जीभ उचलेना.

आणि मग एका रात्री जेवताना रुपराव वरणात बघत बोलले, "आमच्या युनिटच्या जितेंद्र सायबाचा फोन होता. गुजरातेत कारखाना हाय, सेक्युरिटी ऑफिसर पायजे त्याईले. सोमवारची गाडी हाय दुपारची."

"किती दिवसासाठी?"

"कायमचंच म्हन. इथं माह्यं काम का हाय?"

प्रेमिलाचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. लगेच सुटलाही. "जा जा. तिकडच्या धुळीलेबी फॉलिनमध्ये, लाइनीत उभं करा. कोराडीची राख सुटली बिचारी."

वैभवी हसली, रुपरावही हसले. फक्त त्यांच्या ताटात न मागता तीनदा भात पडला.

फौजीच्या बायकोनं 'जाऊ नका' म्हणायचं नसतं. हे तिला सासूनं शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीला, नागपूरच्या प्लॅटफॉर्मवर. "मानूस मागं पाहत गेला, का त्याचं पुढं ध्यान राहत नाई, बापा. हासत धाड." तेव्हापासून प्रेमिला हसत धाडत होती. गाडी हलेपर्यंत थट्टा. वर प्रत्येक वेळी त्याच्या पेटीत चोरून काहीतरी घालून द्यायची. कधी चहाची गाळणी, कधी उलथनं, एकदा तर स्वतःच्या चपलेचा एक पाय. युनिटमध्ये पेटी उघडली की सगळी बरॅक हसायची, आणि मग फोन यायचा, "तू बाई हाय का भूत वं?"

पण आता कोणती सीमा? आता काय म्हणून हसत धाडायचं?

तिनं नवऱ्याला दाताच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं.

म्हणजे त्याचं असं होतं. नागपुरात धंतोलीला दवाखान्यांच्या गर्दीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी मदत केंद्र होतं. पेन्शनच्या भानगडीपासून मनातल्या भानगडीपर्यंत सगळं तिथं बोलता यायचं. प्रेमिलानं सुरुवातीला एकदा नवऱ्याजवळ विषय काढला, तर रुपराव भडकले, "मले का येड लागलं का?" मग ती एकटीच जाऊ लागली. दर गुरुवारी, कोराडीहून बस पकडून, 'दातासाठी'. तेवढ्या गुरुवारांत एखाद्या मगरीची अख्खी बत्तिशी दुरुस्त झाली असती.

त्या गुरुवारी तिनं निघताना नुसता खडा टाकला. "आमच्या दाताच्या डॉक्टरच्या वर फौजीयचं कोन्तं ऑफिस हाय जी. दारात चपलायचा ढीग, घड्याळ मागं चालून राहिलं, पान्याच्या माठावर झाकन नाई. अन् भिंतीवर झेंडा लावून ठेवला."

"झेंडा लावून माठ उघडा?" रुपराव पॅन्ट घालायला उठलेच.

केंद्राच्या दारातल्या चपला त्यांनी आधी जोडीनं लावल्या, मग साइजप्रमाणे. घड्याळ पुढं केलं. माठावर थाळी ठेवली. मागं वळले तर पंधरावीस माणसं गोल करून बसलेली, आणि बायकोला सगळे नावानं ओळखत होते.

"बसा, सुभेदार साहेब," मधली तरुण पोरगी म्हणाली. ही रोशनी, केंद्राची समुपदेशक. तिचे वडीलही फौजेतलेच, त्यामुळं सुभेदाराला खुर्चीत कसं बसवायचं ते तिला पक्कं ठाऊक. "इन्स्पेक्शन झालं ना? रिपोर्ट द्या."

रुपरावांनी बायकोकडं पाहिलं. बायको छताकडं पाहत होती. "हे हायेत का तुहे दात?"

"अक्कलदाढ हाय," प्रेमिला म्हणाली.

सगळे हसले. पळायचा रस्ता प्रेमिलाच्या खुर्चीनं अडवलेला. रुपराव बसले आणि रिपोर्ट दिला. चपला, घड्याळ, माठ.

"आणि घरचा रिपोर्ट?" रोशनीनं विचारलं.

"घर एकदम टिपटॉप, म्याडम. कायचीच कमी नाई." मग जरा थांबून, "म्हनूनच जाऊन राहिलो."

रोशनी म्हणाली, "काका, आठ महिने झाले तुम्हाला घरी येऊन. काकू सांगतात, पेटी अजून भरलेलीच. काहून रिकामी केली नाही?"

"कुठं रिकामी करू? मले रॅक भेटलाच नाई." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, माठाच्या झाकणाचा रिपोर्ट दिला तसं. "नव्या युनिटात गेलं का पहिले पलंग अलॉट होते, मंग लॉकर. अलॉटमेंट झाल्याबिगर फौजी सामान खोलत नाई. घरच्या कपाटात वर हिच्या साड्या, खाली पोरीचे कपडे, मधात हिच्या साड्या. कोनाची जागा का मागाची? म्या म्हटलं, होईन अलॉट कधीतरी. नाई झाली. समजलो."

"अगं माय!" गोलातली कांताबाई कपाळावर हात मारून ओरडली. "आमच्या विश्वनाथरावाची पेटी तीन वर्सापासून पलंगाखाली हाय! मले वाटे, हौस हाय बुढ्याले!"

हसण्याचा एकच गलका झाला. प्रेमिला तेवढी हसली नाही. साऱ्या घराचा हिशोब तोंडपाठ असलेली बाई, आणि एक कप्पा तिच्या डोक्यात आला नव्हता.

"काकू," रोशनी हळूच म्हणाली, "ते जातो म्हणाले तेव्हा तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, जा जा."

"आणि मनात?"

"मनातलं मनात राहते वं. तिथं त्याले भाडं लागत नाई."

रोशनीनं खुर्ची तिच्याकडं वळवली. प्रेमिलानं वर पाहिलं. "पंखा लय आवाज करून राहिला. ग्रीस टाका त्याच्यात."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. कोळशाचा एक ट्रक पुढं चालला होता, त्याची धूळ आत येत होती. रुपरावांनी खिडकी लावली. "तुह्या दाताचं बिल वाचलं म्हना."

"हो," प्रेमिला म्हणाली. एवढंच. रुपरावांनी दोनदा वळून पाहिलं, हिची तब्येत तर बिघडली नाही?

सोमवारी सकाळी रुपराव मारोतरावांचा निरोप घ्यायला शेजारी गेले आणि प्रेमिलानं पेटी उघडली. दुसरी किल्ली तिच्याकडं लग्नापासून होती. नाहीतर चप्पल आत गेली असती कशी? आधी कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला, साड्या पलंगावर फेकल्या. मग पेटीतून एकेक घडी उचलून कपाटात. स्वेटर, शर्ट, मेडलांचा डबा. तळाशी एक जुनी जर्सी गुंडाळलेली होती. उचलली तर आतून खणखण झालं.

गाळणी. उलथनं. पोळपाटाचा तुटका पाय, प्लास्टिकची कंगवी, आणि चपलेचा एक पाय.

प्रेमिला फरशीवर बसली. ही गाळणी आपणच पेटीत घातल्याचं विसरून तिनं वैभवीला शिव्या दिल्या होत्या आणि देवाजी दूधवाल्यावर आळ घेतला होता. "चोट्टा," ती पेटीला म्हणाली, "अख्खा संसार पळवला मेल्यानं." आणि हसता हसता पदरात नाक शिंकरलं.

रुपराव आले. निघायच्या आधी किट चेक करायची त्यांची जुनी सवय. पेटी उचलायला पूर्ण जोर लावला, आणि पेटी इतकी हलकी वर आली की ते टेबलक्लॉथसकट मागं बसले. झाकण उघडलं. आत चपलेचा एक पाय.

"प्रेमिला! माहे कपडे?"

"अलॉटमेंट झालं," ती दारात उभी राहून म्हणाली. "लोखंडी कपाट, मधला कप्पा."

ते आत जाऊन पाहून आले. "मधला काहून? वरचा?"

"वरचा कमांडिंग ऑफिसरचा राहते, सीओचा."

"अवं, पन गाडी हाय माही दुपारची."

"सुट्टीचा अर्ज देला का तुमी?"

"सुट्टी तं घरी येयासाठी घेतात!"

"या युनिटात जायासाठी घ्या लागते. अन् नामंजूर हाय." इथं थट्टा संपली. पुढचं वाक्य तिला थट्टेत गुंडाळता येईना. नेमकी तेव्हाच आत कुकरनं शिट्टी मारली, आणि त्या आडोशानं ती बोलून गेली.

"का म्हटलं?" रुपराव म्हणाले.

"ऐकलं तुमी."

"शिट्टीत नाई ऐकू आलं."

"ऐकलं!"

"सुभेदाराले आर्डर साफ पायजे. अजून एकदा म्हन." आणि रुपरावांच्या मिशीत हसू दिसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थट्टा उलटी फिरली होती.

"जाऊ नका जी!" प्रेमिला ओरडली. इतक्या जोरात की भिंतीपलीकडून मारोतराव घाबरून ओरडले, "वहिनी! का झालं? कुठं चालला सुभेदार?"

"कुठंच नाई!" रुपराव इकडून ओरडले, आणि जितेंद्र साहेबांना फोन लावला. सुट्टी भेटली नाई, सायब. सीओ लय कडक हाय.

दुपारी चहा झाला. जुन्या गाळणीतून. साखर परत आपल्या जागी आली होती. मधला कप्पा मात्र रुपरावांनी परत काढून, पुन्हा घड्या घालून लावला, कारण सीओच्या घड्या वाकड्या होत्या.

गुरुवारी दोघं बस स्टॉपवर उभे दिसले तेव्हा मारोतरावांनी विचारलं, "कुठं जोडीनं?"

"धंतोलीले," रुपराव म्हणाले. "आता माह्याबी दाताचं निघालं."