माळेचा प्रश्न

दवाखान्याच्या रक्तपेढीत रक्त तपासणाऱ्या जनकाबाईंनी काचपट्टी खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. रेघ होतीच. मुंबईहून आलेला तपासणीचा रस आणि रक्तातलं पाणी यांच्यामध्ये अशी पांढरी रेघ उमटली, की त्या रक्तात काविळीचा दोष लपलेला आहे असं समजायचं.

"तुळशीरामभाऊ, तुमचं रक्त घेता येत नाही. त्यात काविळीचा दोष हाये."

धाड गावाहून आलेला तुळशीराम बाकावरून उठलाच. बायको, रुक्मिणी, वॉर्डात पडलेली. शुक्रवारी गर्भाशयाचं ऑपरेशन, आणि रक्ताची बाटली समोर दिसल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते.

"मले जन्मात कावीळ झाली नाही! फारमावर लिहून देलं ना तसं!"

फॉर्मवर सगळेच तसं लिहून देत. ते वाचून वाटावं, या जिल्ह्यात कावीळ कधी आलीच नाही. जनकाबाईंना गावाकडची मंतरलेली माळ आठवली, कावीळ उतरवायला डोक्यावर ठेवतात ती.

"लहानपणी माळ घातली होती काय?"

तुळशीरामनं शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. उत्तर तिनंच, केसरबाईनं दिलं.

"घातली होती ना. टाळूवर ठेवली तवा एवढीशी होती. नवव्या रोजी पायापर्यंत उतरली, मंग बोरीवर टांगली. एकदा उतरली की आपल्याले ते दुखणं झालं होतं असं म्हणाचं नसते, बाई. म्हटलं तं पलटते."

जनकाबाईंना राग आला, तो स्वतःचाच. त्याही याच भागातल्या, सोनाळा गावच्या. हा नेम त्यांनाही ठाऊक होता, तरी सहा महिने त्या शहरातून छापून आलेला प्रश्न विचारत बसल्या होत्या. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा ओढला आणि एकेका फॉर्मवर 'कावीळ झाली होती काय?' खोडून लिहिलं, 'माळ घातली होती काय?'

"मंग रुक्मिणीले रक्त कोणाचं?" तुळशीरामनं विचारलं.

"माह्यं. गट जुळते. ही तपासणी यायच्या आधी तीनदा देलं हाये."

नियम म्हणून त्या स्वतःचाही फॉर्म भरायला बसल्या. नव्या प्रश्नापाशी लेखणी थांबली. आठव्या वर्षी आईनं त्यांची माळ बाभळीवर टांगली होती, आणि परतताना तोंडावर बोट ठेवलं होतं. त्या घाबरल्या. मग त्यांनी 'हो' लिहिलं. "माह्यंही आधी तपासा लागते," त्या म्हणाल्या.

केसरबाईनं पदर सावरून हात पुढं केला.

"माह्यं पाहा. मले नाही घातली कधी."

"माय, तुले चक्कर येईन," तुळशीराम म्हणाला.

"येऊ दे. सून एकच हाये मले."

जनकाबाईंनी केसरबाईचं आणि स्वतःचं रक्त काढलं आणि एकाच काचेवर तपासायला लावलं. गुरुवारी काच पाहिली. केसरबाईची बाजू स्वच्छ होती, गटही जुळला. दुसऱ्या, जनकाबाईंच्या बाजूला बारीक पांढरी रेघ होती.

शुक्रवारी केसरबाईनं बाटली दिली आणि दोन चमचे जास्तीची साखर घालून चहा मागितला. संध्याकाळी रुक्मिणी शुद्धीवर आली. तुळशीराम आईच्या पायाशी बसून होता.

जनकाबाईंनी जुनं रजिस्टर काढलं. त्यांच्या तीन बाटल्या ज्यांना चढवल्या ती तीन नावं, तीन गावं. तीन पोस्टकार्डं पुढ्यात घेतली. पहिल्यावर लिहिलं, तुम्हाला चढवलेलं रक्त माझं होतं, तुमचं रक्त तपासायला दवाखान्यात या, मी स्वतः भेटेन.

एवढ्यावर कोणी येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. लेखणी पुन्हा शाईत बुडवून त्यांनी खाली स्पष्ट अक्षरात लिहिलं, 'मला लहानपणी कावीळ झाली होती.'