तारेने बांधलेला ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो. दापोड्यातली केसरीनाथशेटची आठ मजली इमारत मंगळवारी सकाळी कोसळली. जाऊ द्या, तसं काही झालेलंच नाही. आज अजून सोमवार आहे.

मी म्हणजे दोरीला टांगलेला पितळी गोळा. भिंत सरळ आहे की नाही, एवढंच मला कळतं. सत्तार मिस्त्रींनी वीस वर्षं मला पिशवीत वागवलं. प्रत्येक भिंत झाली की ते मला सदऱ्याला पुसत.

मग कुठल्याशा वाळवंटात किलोमीटरभर उंच मनोरा बांधताहेत, अशी बातमी शेटच्या मोबाइलवर आली. तोवर त्यांची स्पर्धा फक्त गल्लीपलीकडच्या चुलतभावाशी, राघोशी होती. बोलणं बंद, मजले चालू. जग किलोमीटरवर गेलं म्हटल्यावर शेटनी चार मजल्यांच्या पायावर पाचवा चढवला. राघोने सहावा. शेटनी सातवा.

सातव्यावरून मिस्त्रींनी मला पार खाली सोडलं. मी भिंतीपासून वीतभर लांब, गल्लीवर लोंबत राहिलो.

"शेट, इमारत झुकलीय."

"तुजा ओलंबा म्हातारा झालाय."

कल्याणहून नवा आणला. तोही वीतभरच लांब राहिला. दोघांचं संगनमत आहे, असं शेटनी ठरवलं. नव्याला परत धाडलं. मला तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीत खिळा ठोकून तारेने आवळलं.

"आता बघ. सरल हाय का न्हाय?"

मग आठवा मजला चढला.

राघोची इमारतही इकडे झुकलीय. लोक म्हणतात, भाऊ पुन्हा जवळ येताहेत. पाचव्यावरची राहीबाई समोरच्या खिडकीत भाजीची वाटी हाताने देते. पूर्वी काठीला बांधून द्यावी लागायची.

मिस्त्रींची खोली तळमजल्यावर, मजुरीच्या बदल्यात मिळालेली. तोंड उघडलं तर ती जाईल, हे शेटनी चहा पाजून सांगितलंय. चौकट कलल्यामुळे खोलीचं दार गेला महिनाभर लागत नाही. आज मिस्त्रींनी बायकोला, सफियाला, कोन गावी तिच्या भावाकडे जाऊन राहायला सांगितलं. कारण सांगितलं नाही.

सफिया लसूण सोलत होती. तिने खिडकीबाहेर माझ्याकडे बोट दाखवलं.

"घाबरता कशाला? तुमचाच ओळंबा आहे ना? एकदम भिंतीला चिकटून. आख्खी बिल्डिंग त्याला बघून झोपते."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. पक्कड त्यांच्या पिशवीतच होती. त्यांनी रंधा काढला आणि दाराची कड तासायला घेतली. तासाभराने दार बसलं. सफियाने खूश होऊन कडी घातली.

मित्रांनो, ओळंब्याला पुसा, दोरी बदला, हवं तर हरवून टाका. पण बांधू नका.

सबब, पक्कड बाळगणाऱ्या सर्व संबंधितांस अर्जदार ओळंब्याची नम्र विनंती की, माझी तार आजच्या आज सोडण्यात यावी. ते सोयीचे नसल्यास, उद्याचा मंगळवार लोकहितास्तव रद्द करण्यात यावा.