पॅसेजमधला ठेका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं निम्मं काम कानाने चालतं. कुठलं चाक कुरकुरतंय, कुठली तार थरथरतेय, हे त्याला आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. हा लिफ्टवाला घरी आला की हात धुऊन गिटार घ्यायचा, तेव्हाही त्याचे कान तसेच टवकारलेले असायचे. झोपायच्या खोलीत दारावर रजया टांगून, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट सताड उघडं ठेवून त्याने रेकॉर्डिंगची सोय केली होती. नुसत्या गिटारीच्या धुनांचा एक संच करायचा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

बाकीच्या धुना झाल्या. शेवटची मात्र जमेना. कॉम्प्युटरमधले तयार ड्रम लावले की गिटार कवायतीला उभी केल्यासारखी ताठ व्हायची, आणि काढले की सगळं अघळपघळ.

त्यातच सासरे राहायला आले. उभा जन्म बस चालवलेला, बोलायला मोजका माणूस. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकर धरून रोज चालायचं असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण ते खुर्ची सोडायला तयार नाहीत.

"बाबा, थोडं तरी चाला," लेक म्हणायची.

"चालता आलं असतं तर गुडघा कशाला कापून घेतला असता?" एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसायचे. जावयाशी त्यांचं बोलणं 'चहा झाला का'च्या पुढे कधी गेलंच नव्हतं.

एका सुट्टीच्या सकाळी बायको तिच्या औषधांच्या दुकानात गेली आणि लिफ्टवाल्याने पुन्हा ती धून वाजवून रेकॉर्ड केली. हेडफोन लावून ऐकायला बसला, तर गिटारीमागून आवाज येतोय: टक्... खस्स्. टक्... खस्स्. त्याने वायर तपासली, माईक हलवून पाहिला. शेवटी दार उघडलं. पॅसेजच्या मधोमध सासरे वॉकरला धरून उभे होते, चोरी पकडली गेल्यासारखे.

"तुमचं वाजायचं थांबलं, म्हणून मीही थांबलो," ते म्हणाले. "ते चालू असलं की पाय आपोआप उचलला जातो."

लिफ्टवाला मान हलवून आत गेला. वाया गेलेलं रेकॉर्डिंग पुसायला त्याने बोट उचललं, आणि सहज म्हणून तयार ड्रम बंद करून ते एकदा लावून बघितलं. लगेच परत पहिल्यापासून लावलं. आधी वॉकर टेकत होता, मग पाय घासत येत होता, आणि दोन्हींच्या मध्ये किंचित उशीर होता. त्या उशिरात गिटार श्वास घेत होती.

तो धावतच बाहेर आला. "बाबा, पुन्हा एकदा चालाल?"

"तुमच्या कामात अडथळा नको, जावईबापू."

"अडथळा कसला, ठेका आहे तो. इतके दिवस शोधत होतो."

दुपारी बायको जेवायला घरी आली, तर तिचे वडील कानांना हेडफोन लावून पॅसेजमध्ये चालतायत आणि नवरा माईक फरशीजवळ धरून त्यांच्यामागे रांगतोय.

"हे काय चाललंय?"

"शू," दोघेही एकदम म्हणाले.

मग सासरे थांबले. "झालं, पाऊल चुकलं. परत घेऊ."

"बाबा, दमला असाल. बसा आता."

"बसची खेप अर्ध्या रस्त्यात सोडतात का?" म्हणत त्यांनी वॉकर वळवला.

पुढे मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवायचं काम सुरू झालं. गिटार त्याने दोनदा वाजवून घेतली होती. एका गिटारीला डावीकडे बसवलं, दुसरीला उजवीकडे, पावलांना मधोमध. वॉकरचा ठोका आणि जाड तारेचा घुमारा एकमेकांच्या पायात पाय घालत होते. तारेला जरा आवरलं, तशी दोघं गुण्यागोविंदाने नांदू लागली. सासरे खुर्ची ओढून शेजारीच बसलेले.

"डावीकडची फार पुढे पुढे करतेय," ते म्हणाले.

लिफ्टवाल्याने ऐकलं. खरंच करत होती. त्याने तिला मागे ढकललं.

"आणि आमचं पाऊल?"

"मध्ये आहे, बाबा."

"मग ठीक आहे."

आता ती धून गाडीत ऐकून बघायची होती, कारण घरच्या खोलीत गोड वाटलेलं गाडीत कधी कधी पार उघडं पडतं. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, यावरून शेजारी त्याची रोज थट्टा करायचे. तो फोन घेऊन निघाला तसे सासरेही उठले. जिना उतरायची ऑपरेशननंतरची ही पहिलीच वेळ. लेकीने एक हात धरला, जावयाने वॉकर काखेत मारला, आणि कठड्याला धरून, मध्ये मध्ये थांबत ते खाली पोचले.

गाडीची दारं लावली. धून वाजली. मोकळ्या रस्त्यावरून कुणी तब्येतीत चालत यावं तशी पावलं आली आणि दोन्ही बाजूंनी गिटारी त्यांच्या सोबतीला लागल्या. लेक स्टीअरिंगवर हात ठेवून ऐकत होती. सासऱ्यांचा पंजा मांडीवर ताल धरत होता. शेवटाकडे मात्र गाडीचं दार घुर्रर्र करून थरथरलं.

"खालचा सूर अजून जास्त आहे," लिफ्टवाला म्हणाला. "एवढंच राहिलंय. आत्ता उतरवतो." आणि दार उघडून तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळालासुद्धा.

"अहो, बाबांना वर कोण आणणार?" बायकोने हाक मारली.

"जाऊ दे गं त्याला," सासरे म्हणाले. "पोरगा रंगात आलाय. तू परत लाव, पहिल्यापासून."